प्रार्थना चुकत नाही, पण मन काही निवत नाही

पाऊलवाट | सोमवार, सकाळी ६.४०

हा धागा काढू की नको, असं महिनाभर चाललं होतं. शेवटी काढतेच.

मी जन्मानं ख्रिस्ती. लहानपणी रविवारची शाळा, पाठांतर, नाताळची नाटुकली, सगळं झालेलं. मधली पंधरा-वीस वर्षं नावापुरती होते. आई गेल्यावर परत वळले. गेली तीन वर्षं पहाटे साडेपाचला उठून बसते. एक अध्याय, एक स्तोत्र, मग मनातलं बोलणं आणि शेवटी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना. आजारपण सोडलं तर खंड नाही. रविवारची उपासना चुकत नाही.

आणि तरी डोळे मिटले की कालचं कुणाचं तरी बोलणं, उद्याचं काम, कधीचं तरी जुनं काहीतरी वर येतं. 'आमेन' म्हणून उठते तेव्हा बसताना होती तेवढीच खदखद असते. कधी कधी जरा जास्तच. बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं ते वचन, बुद्धीच्या पलीकडच्या शांतीचं, मी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. हल्ली त्याच्याकडे बघितलं की चिडच येते.

ज्यांना श्रद्धेतून खरोखर शांती मिळाली, त्यांनी काय केलं? 'प्रभूवर भार टाका' असं कृपया कोणी लिहू नका, ते मला पाठ आहे. कसा टाकतात ते लिहा.

---

मोहरीचा_दाणा | सोमवार, सकाळी ८.१५

ताई, प्रेज द लॉर्ड! रागावू नका, पण विश्वास कुठेतरी कमी पडतोय. मी दोन वर्षांपूर्वी एका रात्री गुडघ्यांवर आलो, सगळं त्याच्या हाती दिलं आणि त्याच क्षणी अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. तेव्हापासून एक दिवसही अस्वस्थ गेलेला नाही. ही माझी साक्ष आहे. संशय सोडा, मिळेल.

---

शंकासुर | सोमवार, सकाळी ९.०२

एक दिवसही नाही? दंडवत घ्या.

मी देव न मानणारा, त्यामुळे या धाग्यावर बाहेरचाच. पण एक विचारतो. दहा मिनिटं डोळे मिटून नुसतं श्वासाकडे लक्ष दिलं तरी धडधड कमी होते. ते फुकट आहे आणि त्याला पापबिप मानावं लागत नाही. मग एवढा व्याप कशाला? शिवाय तुमचा येशूच म्हणून गेलाय की मी शांती नाही, तलवार घेऊन आलोय (मत्तय १०:३४). तिथं शांती मागणं म्हणजे जरा चुकीच्या खिडकीवर रांग लावल्यासारखं नाही का? हलकंच घ्या.

---

ग्रंथकीटक | सोमवार, दुपारी १.३०

शंकासुर, पुढच्या दोन ओळीही वाचा की. त्याला मानल्यामुळे बाप-लेकात, माय-लेकीत, सासू-सुनेत फूट पडेल, असं तो सांगतोय. म्हणजे माझ्यामागे आलात तर घरात सगळं आलबेल राहील, या भ्रमात राहू नका. उलट प्रामाणिकच म्हणायचा.

मोहरीचा_दाणा, तुमच्या साक्षीबद्दल आदर आहे. पण सगळ्यांना तसंच आणि तेवढंच व्हायला हवं असं धरलं की पाऊलवाट यांच्यासारखी माणसं मधल्या मधे भरडली जातात. मेथॉडिस्ट हा ख्रिस्ती पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीचं उदाहरण घ्या. जानेवारी १७३६ मध्ये तो जहाजानं अमेरिकेला निघालेला, स्वतः दीक्षित पाळक. अटलांटिकवर वादळ आलं, मोठं शीड फाटलं, पाणी आत आलं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि मोरावियन पंथाची जर्मन मंडळी, बायकामुलांसकट, आपलं स्तोत्र गातच राहिली. वेस्लीनं नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारलं की भीती नाही वाटली? तो म्हणाला नाही. बायकामुलांना? त्यांनाही नाही. वेस्ली मनातून खचला, कारण स्वतः तो घाबरलेला होता. पुढे २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये एका छोट्या बैठकीत त्याला आतून काहीतरी ऊबदार जाणवलं, आपलं पाप खरंच क्षमा झालंय अशी खात्री पटली. मेथॉडिस्ट लोक तो दिवस अजून पाळतात.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी जण सांगतात. ४ जानेवारी १७३९ ला, म्हणजे जेमतेम साडेसात महिन्यांनी, हाच माणूस रोजनिशीत लिहितो की मी आज ख्रिस्ती नाही, माझ्यात ती शांती नाही. आणि त्यानंतर अर्धं शतक तो उपदेश करत घोड्यावरून हिंडला. तेव्हा एका रात्रीत उतरते म्हणणारे खरे बोलतात आणि परत जाते म्हणणारेही खरेच बोलतात.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४.५०

मी नर्स आहे त्यामुळे आधी व्यवसायाचं. पाऊलवाट, झोप किती होते? भूक? रडू येतं का कारण नसताना?

बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. १ राजे १९. झाडाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. 'विश्वास कमी पडतोय' तर मुळीच म्हणत नाही (कोणाला म्हणतेय ते कळलं असेल). उठ आणि खा एवढंच. तो खाऊन परत झोपतो, दूत परत उठवतो, परत खायला देतो. देव त्याच्याशी मंद वाणीत बोलतो तो प्रसंग त्यानंतर खूप पुढे आहे. आधी दोन जेवणं आणि दोन झोपा. शरीराचं काही असेल तर ते आधी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे, हे मला वॉर्डात आठवड्यातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगावं लागतं.

आता माझं. मला तासभर बसणं जमलं नाही कधी. मी हात धुताना प्रार्थना करते. पूर्वेकडच्या मठांमधली जुनी प्रार्थना आहे, 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर'. हात नीट धुवायला वीस सेकंद लागतात, तेवढ्यात सावकाश दोनदा होते. एका पाळीत चाळीस वेळा तरी हात धुते. पहिलं वर्षभर काही वाटलं नाही. मग एका रात्री एक पेशंट हाताशी गेला, बाहेर येऊन नळ सोडला आणि लक्षात आलं की ते शब्द माझ्याआधीच सुरू झालेत. शांत वगैरे नव्हते मी, हात थरथरत होते. पण एकटी नव्हते. मी यालाच शांती म्हणते. तुम्हाला दुसरं काही हवं असेल तर माहीत नाही.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९.२०

रात्रपाळी, हा प्रतिसाद दोनदा वाचला. श्वासाच्या व्यायामात 'एकटी नव्हते' हे येत नाही, हे कबूल. त्यावर विश्वास ठेवता येत नाही ही माझी अडचण.

---

पाऊलवाट | मंगळवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार. झोप होते सहा तास. डॉक्टरांना दाखवून झालंय, रक्ताच्या तपासण्या वगैरे. तिथं काही निघालं नाही. तसं हसते, काम करते, लोकांना वाटतं ही किती शांत बाई. तेच तर.

---

जपमाळ | बुधवार, सकाळी ७.३०

मी कॅथलिक. आमच्याकडे दिवस संपताना करायची एक पद्धत आहे. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश शिपायाची. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहावं लागलं. करायला काही नाही, म्हणून तो आपल्याच मनाकडे बघत बसला. त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची, राजघराण्यातल्या बाईची दिवास्वप्नं बघताना मजा येते, पण नंतर कोरडं कोरडं वाटतं. संतांसारखं जगायचं मनात आलं की नंतरही बरं वाटत राहतं. बघताना काय वाटतं यापेक्षा नंतर काय उरतं, याकडे त्यानं लक्ष दिलं. त्याची पुढची सगळी शिकवण या एका निरीक्षणावर उभी आहे.

मी करते ते असं. दिवा मालवण्याआधी आभार मानून सुरुवात करायची आणि दिवस सकाळपासून परत चालत जायचा. कुठे मोकळं वाटलं, कुठे आत काहीतरी आवळलं गेलं. आवळलं गेलेल्या एका जागी थांबायचं, त्याबद्दल देवाशी बोलायचं, चुकलं असेल तर क्षमा मागायची, उद्याचं एक वाक्य ठरवायचं, झोपायचं. दहा मिनिटं. पहाटेपेक्षा रात्री खोटं बोलणं कठीण जातं, हा माझा अनुभव.

अजून एक. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा मठबंधू होता, आधी शिपाई, मग मुदपाकखान्यात कामाला. ते काम त्याला मुळात आवडायचंच नाही. तरी म्हणायचा की भांड्यांच्या खणखणाटात मला देव तितकाच जवळ असतो जितका प्रार्थनेच्या वेळी. लोक हे वाक्य मगांवर छापतात. पण त्यानंच लिहून ठेवलंय की पहिली दहाएक वर्षं त्याची फार तगमगीत गेली. ते मगावर मावत नाही बहुतेक. तुमची तीनच झालीत.

---

निवृत्त_पाळक | बुधवार, दुपारी ४.००

पाऊलवाट ताई, ख्रिस्तात सलाम.

चाळीस वर्षं मंडळीत काढली. सुरुवातीला असा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी वचनांची यादी द्यायचो. लोक आदरानं घेऊन जायचे आणि पुढच्या महिन्यात तसेच परत यायचे. पुढे पुढे मी यादी देणं सोडलं आणि एकच गोष्ट विचारायला लागलो. ती तुम्हालाही विचारतो. इथे उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

प्रभूची प्रार्थना म्हणताना तुम्ही कोणत्या ओळीपाशी घाई करता?

---

शंकासुर | बुधवार, दुपारी ४.२५

पाळककाका, तुम्ही आमच्या बाजूला असतात तर फार बरं झालं असतं.

---

मोहरीचा_दाणा | बुधवार, संध्याकाळी ६.४०

मी आत्ता म्हणून बघितली. 'आम्हांस परीक्षेत आणू नको' पाशी. पण प्रश्न मला नव्हता, सॉरी.

---

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री ११.५५

दोन दिवस लिहिणार नव्हतेच. आत्ता लिहिते आणि सकाळी पुसून टाकावंसं वाटायच्या आत पाठवते.

'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' हीच. पाळककाकांचा प्रश्न वाचला तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. गुरुवारी पहाटे मुद्दाम सावकाश म्हणायचं ठरवलं आणि 'रोजची भाकर' झाल्यावर माझी जीभ अक्षरशः पळाली. एका श्वासात थेट 'वाइटापासून सोडव' वर. तीन वर्षं, रोज, मी ती ओळ गिळत आलेय आणि मला पत्ता नव्हता.

मला एक धाकटी बहीण आहे. आईच्या शेवटच्या आजारात मी रजा काढून आठ महिने आईपाशी होते. ही दुसऱ्या गावी, लहान मुलं, पंधरा दिवसांतून एकदा यायची. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आली, आईचे केस विंचरायला बसली. आईनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि हसली. आठ महिन्यांत माझ्याकडे बघून तशी हसली नव्हती. मी नातेवाइकांसमोर म्हटलं, 'पाहुण्यांचं कौतुक सगळ्यांनाच असतं.' तिचा कंगवा धरलेला हात तसाच थांबला. ती काही बोलली नाही. कंगवा उशाशी ठेवला आणि बाहेर गेली. चार दिवसांनी आई गेली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तीन वर्षं आणि काही महिने.

मी रोज देवाला म्हणत होते की तिला क्षमा करायचं बळ दे. तिनं केलं काय होतं, असं कोणी विचारलं तर उत्तर काय, हे मी आज पहिल्यांदा लिहिताना बघतेय.

---

रात्रपाळी | शनिवार, पहाटे ३.१५

कंगवा.

दवाखान्यात अशा गोष्टी आम्ही रोज बघतो. जे रात्रंदिवस बसतात त्यांच्यावर पेशंट चिडतो आणि अधूनमधून येणाऱ्याकडे बघून हसतो. कारण तुमच्यावर चिडणं त्याला परवडतं. आठ महिने तुम्हीच होतात म्हणून. एवढं नक्की डोक्यात ठेवा.

---

निवृत्त_पाळक | शनिवार, सकाळी ७.००

ताई, लिहिलंत, बरं केलंत. पुसू नका.

दोन गोष्टी. प्रभूनं ही प्रार्थना शिकवल्यावर लगेच तिच्यातल्या एकाच ओळीवर टीप दिली आहे (मत्तय ६:१४-१५). भाकरीवर दिली नाही, स्वर्गाच्या राज्यावरही दिली नाही. याच ओळीवर. त्याला माहीत असणार लोक कुठे घाई करतील ते.

दुसरी, त्याच्या एक पान आधीची. वेदीजवळ अर्पण आणताना तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. शब्द नीट बघा. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध' असं नाही. आपण सगळे ते उलटं वाचतो, कारण क्षमा करणाऱ्याच्या खुर्चीत बसायला बरं वाटतं. मीही वाचत होतो. सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हतो आणि दर रविवारी याच वचनांवर उपदेश करत होतो. तो गेल्यावर समजलं. म्हणून तर तो प्रश्न विचारायला लागलो.

---

ग्रंथकीटक | शनिवार, सकाळी १०.४५

माझा स्वभाव शब्दांच्या मागे लागायचा, तेवढं सहन करा.

शांतीसाठी जुन्या करारातला हिब्रू शब्द शालोम. त्याच धातूतून 'भरपाई करणं, देणं चुकवणं' याचं क्रियापद येतं. निर्गम २१ मध्ये नियम आहे: कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर खड्ड्याच्या मालकानं भरून द्यावं. 'भरून द्यावं' साठी तिथं हेच क्रियापद. म्हणजे तिकडच्या कानांना शांती ऐकू येते ती डोळे मिटून मिळणाऱ्या स्वस्थतेसारखी कमी आणि हिशेब पुरा झाल्यासारखी जास्त. बैल खड्ड्यात असताना मालकानं कितीही ध्यान केलं तरी शालोम व्हायचं नाही. आणि आपल्या मराठी प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द आहे, हे किती चपखल.

आता तुमची भिंतीवरची फ्रेम. फिलिप्पैकर ४:७. मागे जाऊन त्याच अध्यायाचं दुसरं वचन वाचा. हे पत्र लिहिणारा पौल कैदेतून लिहितोय आणि युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नावं घेऊन विनवतोय की एकमनाच्या व्हा. दोघीही त्याच्याबरोबर राबलेल्या. भांडण कशावरून ते लिहिलेलं नाही. आणि तिसऱ्या कोणाला तरी सांगतोय की बाबा, यांना मदत कर. त्यानंतर पाचच वचनांनी ती बुद्धीपलीकडची शांती येते. आपण सातवं वचन कापून फ्रेम करतो आणि दुसरं पानातच राहतं. तिथं शांती 'राखील' असं म्हटलंय, त्याचा मूळ ग्रीक शब्द सैनिकी आहे, पहारा ठेवण्याचा.

---

मोहरीचा_दाणा | शनिवार, दुपारी १२.१०

मग ताई आत्ताच फोन लावा! उशीर कशाला?

---

कोरी_पाटी | शनिवार, दुपारी २.३०

थांबा जरा. पाऊलवाट यांच्या बाबतीत ठीक असेल, पण हा धागा वाचणारे इतरही आहेत, म्हणून लिहिते.

मला 'जा आणि समेट कर' हेच वचन दाखवून परत पाठवलं होतं. ज्याच्याकडे पाठवलं तो मारायचा. दोनदा गेले. तिसऱ्यांदा एका वयस्कर बाईंनी रोमकरांस पत्र उघडून दिलं, १२:१८. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीनं राहा. त्या म्हणाल्या, 'शक्य असेल तर' हेही शास्त्रच आहे हो. मी परत गेले नाही. क्षमा करायला सात वर्षं लागली. ती मी लांबूनच केली आणि त्याला कळवलीही नाही. रात्रीची झोप मला तेव्हा लागायला लागली.

क्षमा करणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. उपदेश करणाऱ्यांनी हे प्रत्येक वेळी सांगितलं पाहिजे आणि बहुतेक जण सांगत नाहीत. माझा राग अजून आहे तो याच गोष्टीवर.

---

ग्रंथकीटक | शनिवार, दुपारी ३.०५

कोरी_पाटी, शंभर टक्के अनुमोदन. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठातल्या लोकांसाठी नियम लिहिले, त्यात एक ओळ आहे: खोटी शांती देऊ नका. त्याच यादीत खाली आहे की भांडण झालं तर सूर्य मावळायच्या आत मिटवा. दोन्ही एकाच माणसानं, एकाच यादीत लिहिलंय.

---

निवृत्त_पाळक | शनिवार, संध्याकाळी ५.२०

कोरी_पाटी ताई, तुम्हाला परत पाठवणाऱ्यांपैकी मी नव्हतो, पण तसे सल्ले मीही दिले आहेत. एका बाईला तर नक्की. त्याचा हिशेब माझ्याकडे बाकी आहे.

---

मोहरीचा_दाणा | रविवार, रात्री २.२०

झोप येत नाही म्हणून लिहितो. 'एक दिवसही अस्वस्थ गेलेला नाही' हे मी वर लिहिलंय ते खरं नाही. ती रात्र खरी होती, अगदी खरी. पण नंतरचं तसं नाही. गेले चार महिने नोकरीचं काही ठरत नाहीये आणि मंडळीत सगळे मला साक्ष द्यायला उभा करतात. आता काय सांगू त्यांना? पाऊलवाट ताई, विश्वास कमी आहे म्हणालो त्याबद्दल माफ करा.

---

जपमाळ | रविवार, सकाळी ६.१०

अरे, हे सांग ना त्यांना. हीच साक्ष. तुझ्या आधी लिहिलेल्यापेक्षा मला ही जास्त उपयोगाची वाटली.

मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये छापली गेली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता, नुसता अंधार. ते वाचून कित्येकांना धक्का बसला. मला मात्र मोठा आधार मिळाला. आणि स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातलं ८८ वं काढून बघ. रडगाण्याची बाकीची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, हे वळतच नाही. अंधारावरच संपतं. कोणीतरी ते शास्त्रात तसंच राहू दिलंय.

इग्नेशियस म्हणायचा की मन खाली गेलेलं असताना आधी ठरवलेलं बदलू नये. तेव्हा जे करतोस ते चालू ठेव. आणि रात्री दोनला फोन बाजूला ठेव.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ११.००

इथे आल्यापासून माझी थट्टा करायची इच्छाच होईना, हे काही बरं लक्षण नाही.

दाणेबुवा, नोकरीचं कोणत्या क्षेत्रातलं? व्यक्तिगत निरोप करा, दोन-तीन जण ओळखीचे आहेत.

---

पाऊलवाट | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ९.३०

कळवायचं राहिलं होतं.

लगेच फोन नाही केला. तीन दिवस काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिल्या कागदावर आठ महिन्यांचा सगळा हिशेब आला, मी काय काय केलं त्याचा. फाडला. दुसऱ्यावर 'तुझंही चुकलं असेल पण' असं होतं. तोही फाडला. तिसऱ्यावर दोन ओळी उरल्या. जपमाळ, तुमची रात्रीची दहा मिनिटं या दिवसांत केली. आवळलं गेल्याची जागा रोज तीच निघायची, शोधावी लागली नाही.

मंगळवारी संध्याकाळी लावला. उचलला जाणार नाही अशी खात्री होती आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही तीच होती. तिनं दुसऱ्या घंटेला उचलला. 'बोल' म्हणाली. मागे कुकरची शिटी झाली, तिनं 'थांब' म्हणून गॅस बंद केला, परत आली. कागद हातात होता तरी मी वाचलं नाही. म्हटलं, 'त्या दिवशी मी तुला पाहुणी म्हटलं. आई तुझ्याकडे बघून हसली ते मला सहन झालं नाही. माझं चुकलं.'

बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग ती म्हणाली, 'मला माहीत होतं ते.' रागानं नाही, रडूनही नाही. जसं एखाद्या पत्त्याबद्दल सांगावं तसं. पुढे म्हणाली, 'मला राग त्याचा नव्हता. नंतर तू एकदाही फोन केला नाहीस, त्याचा आहे.' आहे म्हणाली, होता नाही. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. मग तिनं विचारलं, 'आईचा कंगवा तुझ्याकडे आहे का?'

आहे. दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत होता, पिशवी मी उघडलीच नव्हती. तसं सांगितलं. 'टाकू नकोस,' म्हणाली, 'मी येईन तेव्हा नेईन.' कधी येणार ते बोलली नाही. मी विचारलं नाही.

पाळककाका, गुरुवारची सांगते, म्हणजे आजची. पहाटे बसले. मन नेहमीसारखंच भटकलं, कामाचं, विजेच्या बिलाचं. फार काही उतरलं वगैरे नाही. त्या ओळीपाशी आल्यावर मात्र जीभ पळाली नाही. थांबली, आणि मीही थांबले. किती वेळ ते घड्याळात बघितलं नाही.

---

निवृत्त_पाळक | गुरुवार, रात्री १०.०५

ताई, १३१ वं स्तोत्र तीनच वचनांचं आहे. त्यात दावीद आपल्या जिवाला दूध तुटलेल्या मुलाची उपमा देतो, आईजवळ बसलेल्या. अंगावर पिणारं मूल आईजवळ येतं ते दुधासाठी, आणि नाही मिळालं की आकांत करतं. दूध तुटलेलं मूल नुसतं येऊन बसतं. पण तुटायच्या आधीच्या रात्री कशा जातात ते आयांना विचारा.

---

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ५.३०

आताच पाळी संपली. पाऊलवाट, ती पिशवी उघडलीत का?

---

पाऊलवाट | शुक्रवार, सकाळी ६.१५

उघडली. कंगव्यात आईचे दोन केस आहेत. धुतला नाही. तसाच कागदात गुंडाळून दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, ती आली की हाताशी असावा म्हणून.